हजेरी

सकाळी सातला कचेरीत सगळ्यांनी हजर,
असा पहिला हुकूम निघाला. टाइप मीच केला.
सातला हजर होते ते स्वतः, मी,
आणि बॉयलरवाल्याचं कुत्रं.

गोंगोर दारगा. दारगा म्हणजे आमच्याकडं साहेब.
अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातली दोन दक्षिण सुदानात,
निळ्या टोपीखाली, जिथं पोरं
बादलीभर पाण्यासाठी त्यांच्या गाडीमागं धावायची.
निवृत्तीचा कागद वसंतात हाती पडला.
पानगळीत आमच्या सुमाची सभा बसली, हात वर झाले,
अकरा विरुद्ध दहा.
बॉयलरवाला अजून म्हणतो,
मेंढ्यांना हात असते तर निकाल फिरला असता.

खुर्चीमागं त्यांनी नकाशा लावला.
टेकड्यांची उंची, ओढ्यांची वळणं, सगळं होतं त्यात,
कोण कोणाशी बोलत नाही एवढं सोडून.
ते मी सांगितलं. तीन दुपारी लागल्या.
शिसपेन्सिलीनं ते बारीक अक्षरात लिहीत गेले:
उत्तरेच्या विहिरीवर
लखाग्वा आणि त्याचा मेहुणा एका वेळी नकोत.

सही करताना हात सवयीनं लिहायचा
लेफ्टनंट कर्नल,
मग थांबायचा. मग एक आडवी रेघ.
ते कागद आहेत माझ्या कपाटात,
प्रत्येकावर एक माणूस खोडलेला.

मग झुद आलं.
झुद म्हणजे थंडी नव्हे, थंडी काय, दरसालची.
झुद म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला बर्फ,
खाली गवत, वर जनावर, मध्ये काच.
खूर रक्ताळतात, तोंड पोचत नाही.
उणे त्रेचाळीस. डिझेलचं लोणी झालं.
चाऱ्याचे सहा ट्रक निघाले म्हणून फोन आला,
पोचले दोन.

त्यांनी यादी केली. दर घरी सात पेंढ्या,
कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.
फौजेत शिधा असाच वाटतात.
खांडमा म्हातारी रांगेतून पुढं आली,
पापण्यांवर दहिवर तसंच गोठलेलं.
"माझ्या सात त्या शेजारच्या पोराला घाल.
माझ्याकडं खाणारी तोंडं राहिली नाहीत.
तीनशे बारा होती. काल मोजली. नऊ.
नऊ काय, खाटेला बांधीन, माझ्याबरोबर खातील."

दारगांनी वही उघडली. तीनशे बारा लिहिलं.
खाली नऊ.
वजाबाकी केली नाही.
पेन तसंच धरून मला विचारलं, हळू आवाजात,
"नोर्जमा, हा अहवाल पुढं वर कोणाकडं जातो?"
मी म्हटलं, वर तुम्हीच.

त्यांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला नाही.
मी स्टॅपलरमध्ये पिना भरत होते,
भरलेल्याच होत्या.

त्या रात्री ते तिच्या गेरमध्ये गेले. ड्रायव्हर सांगत होता.
सहाशे माणसांना एका ओरडण्यात उभं करणारा गडी
चुलीच्या डाव्या अंगाला बसून राहिला,
मिठाचा चहा प्याला, दूध नव्हतं त्यात,
आणि धड तीन वाक्यंही बोलला नाही.
एक करडू थरथरत होतं,
ते मात्र मागून घेतलं,
आणि लष्करी कोटाची बटणं
वरून खाली एकेक लावली.

दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा टाइप केली.
सातचे कुठं बारा, कुठं शून्य.
शून्यवाल्यांपैकी दोघं येऊन शिव्या देऊन गेले.
त्यांनी उभं राहून ऐकल्या,
आणि "समजलं" म्हणाले, हुकूम घेताना म्हणतात तसं.

आता कचेरीत ते अकराला येतात.
कोटाला करडाचा वास, बुटाला लेंडी,
वाटेत कोणाच्या तरी गोठ्यात अडकलेले.
सही साधी, नावाचीच.
हजेरीपटावर मी वेळ लिहिते, खोटी लिहीत नाही.
सातच्या रकान्यात
अजून ते कुत्रंच आहे.